ज्याच्यावाचून अडत नाही

श्रुतिका → मनोरमाबाई

विसरलेली छत्री न्यायला यतीनराव डहाणूत मनोरमाबाईंकडे पोचले, तेव्हा आभाळ कोरडं ठणठणीत होतं आणि त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती.

"ही श्रुतिका. तलासरीतल्या चिकूच्या कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्युटर सांभाळते," बाई म्हणाल्या. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्या खासगी तपास करत. "आज तिची नोकरी जाईलसं दिसतंय."

तिथं इंटरनेट नव्हतं. तापमानाचा आलेख काढणाऱ्या श्रुतिकाच्या पायथन प्रोग्रामला जी पॅकेजं, म्हणजे तयार सुटे भाग, लागत, त्यांच्या जोडीची, कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सची पॅकेजं ती शोधून काढी आणि पेन ड्राइव्हवरून नेऊन बसवी. ही जुळणी तिनं एकटीनं केलेली.

"बसवलं की महिनाभर नीट चालतं. मग एखादं पॅकेज सापडत नाही आणि तापमानाचा आलेख बंद. दर वेळी वेगळंच पॅकेज. आज पुन्हा. गौरवसाहेब म्हणतात, तुझी जुळणीच चुकीची."

"माल खराब झाला कधी?"

"नाही. थंडावा चालूच असतो. बंद पडतो तो नुसता आलेख."

"चला, यतीनराव. छत्री राहू दे."

गौरव → श्रुतिका

मॅनेजर गौरव फाटकातच भेटला. "दोन दिवस वापीला होतो. सकाळी येतो तर आलेख गायब. लगेच हिला फोन लावला."

"कॉम्प्युटरचा पासवर्ड कोणाकडे?"

"हिच्याकडे, माझ्याकडे, रात्रपाळीच्या विष्णूकाकांकडे. पण बाई, मला त्या पॅकेजांतलं ओ की ठो कळत नाही."

विष्णूकाका →

मशीनच्या खोलीत विष्णूकाकांनी चहा टाकला. रात्रपाळी संपूनही ते घरी गेले नव्हते.

"रात्रभर सोबतीला कोण?" बाईंनी विचारलं.

"कंप्रेसर. तोच बोलतो, मी ऐकतो."

"आणि घरी?"

"कुलूप."

यतीनरावांनी चमच्यानं दुधावरची साय बाजूला केली. जाड, पिवळसर. "झकास धरलीय हो."

"काल येताना आणलं. रात्रीच तापवून ठेवलं." स्वतःसाठी काकांनी कोरा चहा गाळला. "मला दूध सोसत नाही."

"ह्यातलं काही येतं?" बाईंनी कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"पोरीनं शिकवलं. आली की बसून सांगते. कुठलं पॅकेज कुणाच्या आधारानं उभं, काय काढलं की काय पडेल." काका पहिल्यांदा हसले.

सगळे → एका खोलीत

"जुळणी चुकली असती, तर प्रोग्राम पहिल्याच दिवशी अडला असता," बाई म्हणाल्या. "तो महिनाभर चालतो. म्हणजे बसवलेलं पॅकेज नंतर कोणीतरी काढतं."

"इंटरनेटवरून?" यतीनराव म्हणाले.

"इथं ते नाही. पासवर्ड तिघांकडे. काढणारा निवडून काढतो. आलेख जातो, थंडावा राहतो. चिकूचं नुकसान त्याला नको असतं. गौरवला हे जमणार नाही, नोकरी जाणारी श्रुतिका हे करणार नाही."

कंप्रेसर घरघरत होता.

"श्रुतिका, तू चहात दूध घेतेस?"

"हो."

"बिघाड कळला आज सकाळी. तिला बोलावलं सकाळी. आणि दूध न सोसणाऱ्या माणसानं दूध आणलं काल."

विष्णूकाकांनी कप खाली ठेवला. "मीच काढलं. एक पॅकेज गेलं की पोरगी येते. दिवसभर बसते, बोलते. तिची नोकरी जाईल, हे डोक्यातच आलं नाही."

"पण काढताना कॉम्प्युटरनं अडवलं नाही?" गौरव म्हणाला.

"माझा प्रोग्राम नुसता आणून ठेवलेला, नोंद न करता," श्रुतिका हळूच म्हणाली. "लिनक्सला तो माहीतच नाही. त्याला वाटतं, हे पॅकेज कुणालाच लागत नाही. आता प्रोग्रामचंच पॅकेज करते. काढायला गेलं की लिनक्स सांगेल, ह्याच्यावाचून कुणाचं तरी अडतं."

"मग तुला यावं लागणार नाही," काका म्हणाले.

गौरवनं कीबोर्ड पुढे ओढला. "पासवर्ड बदलतोय, काका. श्रुतिका, आलेख लाव."

तिनं खुर्ची ओढली. "काका, आधी चहा. सायीसकट."

यतीनराव →

डहाणूच्या स्टँडवर दोघं उतरले.

"तुमची छत्री राहिली माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

"उद्या येतो न्यायला."

"पाऊस जाऊन किती दिवस झाले, यतीनराव?"

यतीनरावांनी रांगेतल्या पहिल्या रिक्षाला हात केला.

"उद्या मीच आणून देते. घरी दूध आहे ना?"

बाईंची रिक्षा दिसेनाशी झाली. यतीनराव घराकडे निघाले, आणि अर्ध्या वाटेवरून डेअरीकडे वळले.