फिल्टर बंद असताना

लेकीकडे दुबईला निघण्याआधी विजयमालाने धाकट्या जावेला, शकूला, स्विमिंग पूलच्या पंपाची खोली उघडून दाखवली. फिल्टरची पिंपासारखी निळी टाकी, शेजारी मोटर, भिंतीवर बटण.

"आठ तास लावायचं," ती म्हणाली. "सकाळी लावलं की उन्हं उतरल्यावर बंद. मे महिन्यात कमी केलं तर पाणी हिरवं पडतंय. आता तुला काय सांगायचं म्हणा."

शकूने मान हलवली आणि किल्ली घेतली. ती सिंहगड रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. सोसायट्यांच्या टाक्या, बोअर, टँकर, सगळं पाणी तिच्या हाताखालून जाई. पाणी कशाने खराब होतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सासरे गेनबा वारल्यावर धायरीतल्या जमिनीची वाटणी झाली. रस्त्याकडची पट्टी थोरल्या सोनबाला आणि डोंगराकडची भैरूला, म्हणजे शकूच्या नवऱ्याला मिळाली. त्या वेळी दोन्हीकडे ज्वारीच होती, त्यामुळे कुणी हुज्जत घातली नाही. पुढे रस्ता रुंद झाला आणि डोंगराकडे बांधायला बंदी आली. सोनबाने बंगला बांधला. शकू आणि भैरू मागच्या जुन्या दोन खोल्यांतच राहिले.

बंगल्याचा शकूला हेवा वाटला नाही. गाडीचाही नाही. विहीर रस्त्याकडच्या पट्टीत गेली, ते मात्र तिला सोसवलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा ती या विहिरीत कठड्यावरून सूर मारायची. विजयमाला वरच्या पायरीवर धुणं घेऊन बसायची आणि पाणी उडालं की किंचाळायची. सोनबाने ती विहीर बुजवली आणि नेमक्या त्याच जागी लेकीच्या हौसेखातर स्विमिंग पूल बांधला. लेक परदेशी गेली. मग पन्नाशीला आलेली विजयमाला शिकवणारी बाई लावून पोहायला शिकली. रोज दुपारी निळी टोपी घालून ती पाण्यात उतरायची आणि कुंपणापलीकडे भांडी घासणाऱ्या शकूला हाक मारायची, "ये की गं तू पण."

त्या 'तू पण'ने शकूच्या अंगाची आग व्हायची. ती कधीच गेली नाही.

सोनबा आणि विजयमाला दुबईला गेल्यावर शकूने काही दिवस नेमाने मोटर लावली. मग एका सकाळी बटणापर्यंत गेलेला हात तिने मागे घेतला. दार ओढून ती कामावर गेली. पुढे काय होणार ते तिला पाठ होतं. क्लोरीन उन्हाने उडून जाईल, भिंती बुळबुळीत होतील, तळ दिसेनासा होईल. आठवड्याभरात म्हशी बसवण्याजोगं डबकं होईल. दुबईहून आलेल्या जावेचं तोंड कसं होईल, हे तिने मनातल्या मनात बरेचदा बघून घेतलं.

पाणी हिरवं पडलं नाही.

उलट ते निवळत गेलं. वर पडलेली बुचाची फुलं संध्याकाळपर्यंत नाहीशी होत. बाहेर तापलेल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता, आणि पाण्यात हात घातला तर कोपरापर्यंत गारठा चढे. शकूने बाटली भरून प्रयोगशाळेत नेली. क्लोरीन अजिबात नव्हतं. क्षार मात्र भरपूर होते, जमिनीतून आलेल्या पाण्यात असतात तसे. पूल तर नळाच्या पाण्याने भरलेला होता. तळाला कुठेतरी चीर पडली असेल, खालचा झरा आत येत असेल, असं तिने ठरवलं. ते पटण्यासारखं होतं.

मग तळ खाली गेला.

तिने कचरा काढायच्या जाळीचा लांब दांडा उथळ बाजूला, पायऱ्यांपाशी, सरळ खाली सोडला. तिथे पाणी कमरेइतकं असायचं. दांडा हातभर उरेपर्यंत आत गेला, तरी टेकला नाही. खाली निळ्या फरश्यांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, पण गच्चीवरून अंगण दिसावं तशा.

शकूला भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला. मालक नसताना हे पाणी आपल्यासाठी पुन्हा पहिल्यासारखं झालं, असं तिला वाटलं, आणि ते कुणाला सांगावंसंही वाटेना.

भैरू एकदा कुंपणापर्यंत आला. पुढे आला नाही.

"पाणी लई खोल दिसतंय," तो म्हणाला. "मशीन लाव. दादा-वैनी यायच्या आत लाव."

तिने लावलं नाही.

विजयमाला परत आली ती खूश होऊन. नवऱ्याला बँकेत पाठवून दुपारीच टोपी घालून बाहेर आली, काठाशी वाकली आणि बघत राहिली. शकू किल्ली द्यायला आली होती.

"काय सुरेख ठेवलंस गं. माझ्या हातानं कधी असं होत नाही. किती तास लावत होतीस?"

"तुम्ही सांगितलं तेवढेच."

"आता रोज तूच बघ बाई माझं पाणी."

माझं पाणी. शकूने किल्ली मुठीत आवळली.

विजयमालाने चपला काढल्या आणि दांडीला धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या. शेवटच्या पायरीखाली काय नाही, ते शकूला ठाऊक होतं.

"आक्का," ती म्हणाली.

विजयमालाने मान वळवली. "काय गं?"

डोंगराकडून वाऱ्याची झुळूक आली, पण पाण्यावर सुरकुतीसुद्धा उठली नाही.

"काही नाही. पाणी गार आहे."

विजयमाला हसली. तिने दांडी सोडली.

पाणी उडालं नाही. हातपाय मारले गेले नाहीत. जिना उतरावा तशी ती एकेक पाऊल टाकत खाली गेली.

निळी टोपी लहान होत गेली. मुठीएवढी. मग बटणाएवढी.

तिने एकदाही वर पाहिलं नाही.

शकूने साडीसकट उडी मारली.

तिचे पाय खाडकन फरशीवर आपटले. पाणी कमरेपर्यंत होतं. ती एकटीच उभी होती.

पोलिसांनी पूल उपसला. फरशी कुठे तडकलेली नव्हती. त्यांनी शकूला पुन्हा पुन्हा विचारलं. तिने दिसलं ते सांगितलं आणि ते कुणी लिहून घेतलं नाही. काठावर चपला होत्या, पण विजयमालाचं दुसरं काही सापडलं नाही. शेवटी बाई घर सोडून गेली असावी, असं म्हणायला लोकांनी सुरुवात केली. उपसलेला पूल दुसऱ्या दिवशी काठोकाठ भरलेला होता. टँकर कुणीच मागवला नव्हता.

सोनबाने शकूला विचारलं ते एवढंच, की फिल्टर किती तास लावायचा.

"दिवसभर लावा, दादा," ती म्हणाली.

तेव्हापासून तो मोटर बंदच करत नाही. ती चालू असली की पाणी गढूळ, हिरवट होतं आणि तळ दिसत नाही. त्याला तेच बरं वाटतं.

बायकोची चौकशी करायला तो चौकीवर गेला की शकू पंपाच्या खोलीत जाते आणि बटण बंद करते. पाणी निवळेपर्यंत थांबते. मग पायऱ्या उतरते आणि शेवटच्या पायरीवरून पाय पुढे टाकते. दर वेळी फरशी लागते. लहानपणापासून पाण्यात वाढलेली ती, आणि पाण्याने नेलं कुणाला, तर पायरीवर बसून किंचाळणारीला. हे तिने भैरूलाही सांगितलेलं नाही.

ती तशीच कमरेइतक्या पाण्यात उभी राहते. पाणी हाडं गोठवणारं असतं. पण तिच्या तळव्यांखालची फरशी ऊबदार असते, आत्ताच तिथून कुणीतरी उठून गेल्यासारखी.