फळ्यावरचा एक

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण माझी आत्या बाता मारणारी बाई नाही. नर्स म्हणून सगळा जन्म गेला तिचा. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ती सरळ उठून भांडी घासायला जायची.

ही गोष्ट मात्र ती स्वतः सांगते. खालच्या आवाजात.

तिच्या दवाखान्यात दर महिन्याला बाळांची वजनं व्हायची. छताच्या हुकाला वजनकाटा टांगलेला, त्याला कापडी झोळी. समोरच्या भिंतीवर फळा. वस्तीत या वर्षी किती बाळं जन्मली, किती मृत जन्मली, किती वर्षाच्या आत गेली, ते आत्या खडूने लिहायची.

‘मृत जन्म’पुढे त्या वर्षी लिहिलं होतं, एक.

तो वस्तीत कपडे शिवणाऱ्या एका पोरीचा, शिलाईवालीचा मुलगा. आत्याच्याच हातांवर आला...

आणि रडलाच नाही.

तरी वजनाच्या दिवशी शिलाईवाली यायची. रिकाम्या हातांनी. फळ्यासमोरच्या बाकावर बसायची. बाकीच्या आया आपापली लेकरं जवळ ओढून घ्यायच्या. आत्याचा जीव तुटायचा, पण तिला ऊठ म्हणायला जीभ रेटायची नाही.

एकदा कुणीतरी विचारलंच, तू कशाला येतेस गं? तिने फळ्याकडे बोट केलं.

"तो एक माझा आहे."

त्या दिवशी बाकीच्या आया गेल्यावर आत्या झोळी सोडवायला गेली...

झोळी रिकामी होती. काटा मात्र शून्यावर नव्हता. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं वजन दाखवत होता.

बिघडला वाटतं मेला, असं आत्या पुटपुटली. तेवढ्यात मागून शिलाईवालीने विचारलं, "किती भरलं?"

आत्याच्या तोंडून आकडा निघून गेला. त्या पोरीचा चेहरा असा उजळला की आत्याने काटा तसाच राहू दिला.

पुढच्या महिन्यात काटा आणखी पुढे.

त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी... बाळसं धरलेल्या पोरासारखा.

आत्याने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी तिलाच वेड्यात काढलं असतं. आणि खरं सांगायचं तर तिलाही त्या वजनाची ओढ लागली होती.

मग वर्ष संपलं. नवे आकडे शून्यापासून लिहायचे, म्हणून आत्याने ओल्या फडक्याने फळा पुसला. नेहमीसारखाच.

शिलाईवाली आली. बाकावर बसली. वर पाहिलं.

"माझा कुठंय?"

आत्याने घाईघाईने खडू घेतला आणि तो एक परत लिहिला.

सगळ्या आया गेल्या. काटा शून्यावर. दोघी झोळीकडे बघत बसल्या. दिवेलागणीला आत्याने तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि दाराला कुलूप लावलं.

तेव्हा आतून आवाज आला...

बाळाचं रडणं. जन्मल्या जन्मल्या रडतं ना, ते पहिलं. आत्याने जन्मभर तेच ऐकलं होतं, ती चुकणार नाही.

कुलूप काढेपर्यंत थांबलंही. आत कुणी नव्हतं.

झोळी हलत होती...

शिलाईवाली उंबऱ्यातच खाली बसली. "रडला ना हो सिस्टर? तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं," आत्या म्हणाली. मग दोघी पोटभर रडल्या.

त्यानंतर काटा कधी आपणहून हलला नाही. शिलाईवालीही परत आली नाही.

मी एकदा आत्याला विचारलं, तो रडला तेव्हा येत होता, की चालला होता?

ती म्हणाली, "मी पुसायला नको होतं रे."