नाव न घेता मारलेली हाक

ही घटना खरी आहे. पटली तर वाचा, नाही पटली तर सोडून द्या, कुणाची जबरदस्ती नाही.

जिच्यासोबत हे घडलं ती बाई आजही बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात राहते. सकाळी पिशवी घेऊन भाजी आणायला खाली उतरते. तुम्हाला ती दिसली तर दुसऱ्यांदा वळून बघावं असं तिच्यात काही नाही. लिहिताना माणसांची नावं बदलली आहेत आणि बेटाचं नाव मुद्दाम गाळलं आहे.

आणखी एक सांगून ठेवतो. अमावस्येची रात्र, सुनसान रस्ता, पिंपळाचं झाड... असलं यात काही सापडणार नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. टळटळीत उन्हात.

स्वप्नाली अंबरनाथची. वडील कंपनीत ऑफिसर, घरात शिस्त आणि पुस्तकं. कमलेश चामटोलीचा, आगरी घरातला. दोघं उल्हासनगरला एका कॉलेजात भेटले. लग्नाआधी ती त्याला कमलेश म्हणायची, लाडात आली की कम्या, आणि भांडण झालं की काय काय म्हणायची ते इथे लिहिता येणार नाही.

लग्न झालं आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी, म्हणजे ठमाबाईंनी, तिला चुलीपाशी बसवलं.

"बाय, आमचे घरान नवऱ्याचा नाव नाय घेत. नाव घेतला का त्याचा आयुष्य कमी होतं."

स्वप्नाली शिकलेली मुलगी. तिला मनातून हसू आलं. पण नवऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न निघाला की भल्याभल्यांचं शिक्षण गुंडाळून ठेवावं लागतं. उगाच कशाला विषाची परीक्षा, असं म्हणून तिनं त्याचं नाव घेणं सोडलं ते सोडलंच.

कमलेशचा झाला "अहो".

पाच वर्षं हेच चाललं. कमलेश तिची भरपूर खेचायचा. "अहो म्हटलं की मला माझं पोट सुटल्यासारखं वाटतं," म्हणायचा. हेंद्रेपाड्यातल्या फ्लॅटमध्ये दोघंच राहायची, ठमाबाई रविवारी चामटोलीहून भाजी घेऊन यायच्या. त्या नसतानाही स्वप्नालीच्या तोंडून नाव निघायचं नाही.

कमलेश अंबरनाथच्या एमआयडीसीत सुपरवायझर होता. आठवडाभर केमिकलचा वास, आणि सुट्टी मिळाली की डोंगर, धबधबे, दोर लावून कडे उतरणं. सुट्टीत अंगाला चिखल लागला नाही तर ती सुट्टीच नव्हे, असा त्याचा हिशोब. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला त्यानं अंदमानचं बुकिंग केलं. पाण्याखाली जायचं, जंगलात चालायचं, कयाक चालवायची, सगळं ठरवूनच.

पहिले दोन दिवस झकास गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं वाळूत बसली होती. तो म्हणाला, "इथे आई आहे का? एकदा कमलेश म्हण ना."

"नाही म्हणणार."

"घाबरतेस?"

"हो."

तो पोट धरून हसला. ती पण हसली. त्यानंतर ती तशी हसलेली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कयाक होती. खारफुटीच्या जंगलातून खाडीचं पाणी आत शिरतं, त्यातून एकेकट्यानं बसायच्या छोट्या होड्या वल्हवत न्यायच्या. पुढे कमलेश, मध्ये स्वप्नाली, मागे गाईड. दोन्ही बाजूंना झाडांची मुळं पाण्यात उतरलेली. वर फांद्यांचं छप्पर. पाणी हिरवं आणि इतकं स्थिर की वल्हं बुडवायला जीव धजायचा नाही.

कमलेशला कुठला धीर. त्यानं जोर लावला, एका वळणावर गेला आणि दिसेनासा झाला.

त्याच्या वल्ह्याचा आवाज येत होता... चुबुक... चुबुक...

मग तो आवाज थांबला.

पक्ष्यांचा आवाज थांबला. किड्यांची किरकिर थांबली. स्वप्नालीला स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला.

ती वळणापाशी आली. पुढे नुसतं पाणी होतं. होडी नाही. माणूस नाही. पाण्यावर एक तरंगसुद्धा नाही...

ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

"अहो...! अहो, कुठे आहात? या ना परत!"

काही नाही.

"अहो...!"

"ओ."

आवाज पुढून आला नाही...

मागून आला.

ती वळली. गाईडच्याही मागून, ज्या वाटेनं ते तिघं आत्ताच आले होते त्या वाटेनं, एक होडी येत होती. त्यात कमलेश बसला होता. वल्हं मांडीवर आडवं होतं. हात हलत नव्हते. होडी आपली आपण पुढे येत होती.

गाईडनं त्याच्याकडे पाहिलं. मग पुढच्या रिकाम्या पाण्याकडे पाहिलं. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "सर तो आगे गए थे ना?"

परतीच्या वाटेवर गाईडनं एकदाही मान मागे वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हॉटेलात नाश्त्याला बसली असताना गाईड आला. आत यायला तयार नव्हता. त्यानं स्वप्नालीला बाहेर बोलावलं. त्याच्या हातात कमलेशची खाकी टोपी होती, ओली.

"मॅडम, सर की बोट आगे उलटी पड़ी मिली. टोपी उसी में अटकी थी. तो फिर सर वापस किसमें आए?"

तिनं टोपी घेतली. काचेतून आत पाहिलं. नवरा समोर बसून इडली खात होता. तक्रार करायची तर कसली करायची?

तिला भीती वाटायला हवी होती. तिनं वाट पाहिली. पण आतून काहीच वर आलं नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि अर्धा चेहरा आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंगच तिचं राहिलं नव्हतं.

ती दोघं बदलापूरला परत आली.

तो कामावर जायला लागला. डबा नेत होता, परत आणत होता. मारत नव्हता, ओरडत नव्हता, रागावत नव्हता. शेजारच्या मोतीबाई म्हणाल्या, "नशीबवान आहेस गं, तुझा नवरा किती शांत झाला."

खरं तर शांतताच होती सगळी.

तो घोरायचा, ते बंद झालं. एकदा ती उठून त्याच्या छातीला कान लावून बसली. खालून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. छातीतून... काहीच नाही. पण ती बसली आहे हे त्याला कळलं होतं. तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता.

त्याची उशी रोज ओली व्हायची. उशीला खाडीच्या चिखलाचा वास यायचा. ती उशी रोज उन्हात ठेवायची.

"अहो" म्हटलं की तो यायचा. लगेच. ती किचनमध्ये असायची, तो गॅलरीत. ती म्हणायची, "अहो..." आणि शब्द पुरा व्हायच्या आत "ओ" तिच्या मानेमागून यायचा. पावलांचा आवाज मध्ये कुठेच नसायचा.

मग धर्मेशचा फोन आला. धर्मेश म्हणजे कमलेशच्याच शिफ्टमधला मित्र.

"वहिनी, रागावू नका, पण याचं काय झालंय? मी कमलेश कमलेश करून घसा कोरडा केला, भाई बघतच नाही. एकदम कोरा चेहरा. आणि कुणीतरी नुसतं 'अरे ए' म्हटलं ना, की लगेच समोर हजर. कान तपासून घ्या त्याचे."

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवून भाजी चिरायला बसली.

त्या रविवारी ठमाबाई आल्या. मधले रविवार त्या गुडघ्यामुळे आल्या नव्हत्या. तो खुर्चीत पाठमोरा बसला होता.

"कमलेश..." त्यांनी हाक मारली. "ए कमल्या! कानान पानी गेला का रं तुझे?"

तो वळला नाही.

ठमाबाई त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी भाजीची पिशवी तिथेच खाली ठेवली, स्वप्नालीचा हात धरला आणि तिला जिन्यात आणलं.

"पान्यान असतांना तू त्याला हाक काय म्हनून मारली?"

काय झालं होतं ते स्वप्नालीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी तिला नवल वाटलं नाही.

"अहो म्हणून," ती म्हणाली.

ठमाबाई भिंतीला टेकल्या. त्यांचं माहेर मिठागरवाल्यांचं. लहानपण सगळं खाडीवर गेलेलं.

"घरान नाव नाय घ्यायचा," त्या म्हणाल्या. "पन पान्याव घ्यायचाच. माझी आय बापाला मिठागराव नावानंच हाक मारायची. बिननावाची हाक कोन पन घेतो, बाय. घरातला शिकवला मी तुला. पान्यावरचा सांगायचा ऱ्हायला."

स्वप्नालीला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

थोड्या वेळानं ठमाबाईंनी डोळे पुसले. "नदीव चल. तूच मार हाक. तू बोलावलास, तुझीच लागंल. तीन टाइम, नावानं. कुठल्या पन पान्याव मारली त पोचतं."

दोघी रिक्षानं मांजर्लीच्या मागे नदीवर गेल्या. एप्रिलची दुपार होती. म्हशी पाण्यात बसल्या होत्या. पलीकडच्या काठाला कुणी चिटपाखरू नव्हतं.

स्वप्नाली पाण्याच्या कडेला उभी राहिली. पाच वर्षं न घेतलेलं नाव ओठांवर येईना. एक क्षण तर तिला वाटलं, आपण ते विसरलो.

"कमलेश..."

काही नाही. म्हशींनी माना मात्र वर केल्या.

"कमलेश!"

म्हशी उठल्या. पाणी ढवळत सगळ्याच्या सगळ्या काठावर आल्या आणि निघून गेल्या. पाणी पुन्हा स्थिर झालं. खूप स्थिर...

"ओ..."

लांबून. नदीच्या मधून, जिथे कुणीच नव्हतं तिथून. त्याचाच आवाज. दिवसभर डोंगर चढून दमला की यायचा तसा.

"स्वप्ना... कुठे आहेस गं? मला काहीच दिसत नाहीये..."

दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आत काहीतरी हललं. इतकं दुखलं की ती वाकली. तो होता. तिथे अंधारात एकटा होता आणि तिलाच शोधत होता. तिनं तिसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं.

आणि तिच्या तोंडावर हात आला.

ठमाबाईंचा.

"नको," त्या कानाशी म्हणाल्या.

तिनं मान हलवली. डोळ्यांनी पाण्याकडे दाखवलं.

"हाय. मी पन आयकला. माझा पोऱ्या हाय तो." ठमाबाईंचा हात निघत नव्हता. "पन आयला त ऱ्हानार कशान? त्याचा शरीर तिकडं पान्यान गेला. आनी तो आयला का घरान बसलाय तो जाईल. मग माझेपाशी काय ऱ्हाईल, बाय? नुसता आवाज? घरान बसलाय त्याला तोंड तरी माझे पोऱ्याचा हाय."

"स्वप्ना..." पाण्यातून आवाज आला. थोडा जवळून.

"हाय तो ऱ्हाऊ दे," ठमाबाई म्हणाल्या. "मी पाया परते तुझे. हाय तो ऱ्हाऊ दे."

तो हात साठी उलटलेल्या, गुडघ्यांनी अधू झालेल्या बाईचा होता. झटकला असता तर एका झटक्यात सुटला असता.

स्वप्नालीनं तो झटकला नाही.

तिला समोर दिसली ती रिकामी खुर्ची, रिकामा बिछाना, "कमलेश कुठे आहे" म्हणून विचारणारे लोक. आणि मग आत हललेलं ते जे काही होतं, ते हळूहळू थांबलं.

आवाज आणखी दोनदा आला. मग आला नाही.

घरी पोचल्या तेव्हा बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. तो दारात उभा होता. त्यानं दोघींकडे पाहिलं, आणि कुठे गेला होता असं विचारलं नाही. ठमाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, थंड लागलं तरी फिरवला, आणि तळहात पदराला पुसला. मग स्वप्नालीनं तिघांचा चहा टाकला.

या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं. माहेरची माणसं म्हणतात, तू अशी का झालीस, बोलत का नाहीस. खरं काय ते फक्त एका बहिणीला माहीत आहे. ती म्हणाली, "ताई, निघून ये ना तिथून."

"कशाला?" स्वप्नाली म्हणाली. "ते काही त्रास देत नाहीत."

नदीच्या पुलावरून रिक्षा जायला लागली की ती मात्र तोंडावर ओढणी घट्ट धरते. रिक्षावाल्याला वाटतं, धुळीमुळे असेल.

पुलाच्या मध्यावर तिला दर वेळी तिचं नाव ऐकू येतं.