व्रणाशेजारची त्वचा

त्वचापेढीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या उबवणघरात बारा महिने सदतीस अंश तापमान असे, माणसाच्या अंगाइतकंच. तिथल्या कप्प्यांमध्ये मिळून चाळीसेक माणसांची त्वचा वाढत होती आणि नोंदीप्रमाणे त्या चाळिसांपैकी एकही माणूस जिवंत नव्हतं. प्रत्येक कप्प्यावर दात्याच्या क्रमांकाची छापील पट्टी होती. एकसष्ट नंबरच्या कप्प्यावर मात्र निळ्या शाईत हाताने लिहिलेलं होतं: 'संशोधनासाठी राखीव. हे. टि.'

डॉ. हेमांगी टिल्लू गेली चार वर्षं दर सोमवारी हा कप्पा स्वतः उघडत असे. पोषकद्रव बदलायचं, दाटी झालेल्या पेशी विरळ करून नव्या बशीत पेरायच्या, उरलेल्या कुप्यांत भरून गोठवायच्या. या कामाला ती मदतनीसांना हात लावू देत नसे.

"ह्यात नेमकं कसलं संशोधन चाललंय?" डॉ. इब्राहिम मुजावरांनी दारातून विचारलं. ते पेढीचे ओळखतज्ज्ञ होते आणि निवृत्तीला दीड वर्ष उरल्यामुळे कोणालाही काहीही विचारत. "चार वर्षांत एक ओळ छापून आली नाही. लोणचं मुरायला घातलंय का, हेमांगीबाई?"

"आईची त्वचा आहे. तुम्हांला माहीत आहे."

"सगळ्या पेढीला माहीत आहे. म्हणून तर कोणी विचारत नाही. आज मला विचारणं भाग आहे." ते आत येऊन स्टुलावर बसले. "शालन चौगुले. वय एकतीस. गुऱ्हाळात उकळत्या रसाची काहील कलंडली. निम्मी पाठ आणि दोन्ही दंड खोलवर भाजलेत. तात्पुरतं आवरण घातलंय, पण तिचं शरीर ते तीन आठवड्यांत फेकून देणार. त्याआधी कायमची त्वचा तयार पाहिजे. इतक्या वेगाने वाढणारा पेशीवंश पेढीत एकच आहे."

"किती लागेल?"

"सगळ्या कुप्या पेरल्या तर जेमतेम पुरेल. मागे काही ठेवता येणार नाही."

हेमांगीने एकसष्ट नंबरच्या कप्प्याकडे पाहिलं. आई गेली तेव्हा पेढीचं पथक घरी आलं होतं. मृत्यूनंतर सहा तासांत त्वचा घ्यावी लागते, आणि ती पाठीची आणि मांड्यांचीच घेतात. चेहऱ्याला आणि हातांना हात लावत नाहीत, कारण शेवटच्या दर्शनाला येणारी माणसं तेवढंच बघतात. आईची पाठमांड्यांची त्वचा वर्षभरातच तीन रुग्णांना लागली होती. पण त्या दिवशी हेमांगीने पथकातल्या तंत्रज्ञाला आणखी एक तुकडा घ्यायला सांगितलं होतं. ओटीपोटावरचा, जुन्या व्रणाला लागून, रुपयाच्या नाण्याएवढा. 'गरोदरपणात ताणलेली त्वचा लवचीक असते, अभ्यासाला बरी,' असं कारण तिने दिलं. खरं कारण वेगळं होतं. तो व्रण सिझेरियनचा होता. हेमांगी तिथून जगात आली होती.

"एक गोष्ट मला कधी कळली नाही," मुजावर म्हणाले. "एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या पेशी. पाचसहा महिन्यांत थकायला हव्या होत्या. ह्या दमत कशा नाहीत?"

"आई पण दमायची नाही."

मुजावर हसले. मग ती म्हणाली, "ओळखपट काढायला घ्या. मी कुप्या बाहेर काढते."

ओळखपट काढल्याशिवाय पुढे जाता येत नसे. प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर स्वतःच्या ओळखीची चिन्हं मिरवते. परकी चिन्हं दिसली की रुग्णाचं शरीर ती त्वचा नाकारतं. पेढीने त्यावर उपाय शोधला होता, ओळखझाकणी. चिन्हं झाकायची, म्हणजे शरीराला परकेपणा दिसतच नाही. पण काय झाकायचं ते ठरवायला आधी चिन्हं वाचावी लागतात. एकसष्ट नंबरची त्वचा कोणाला द्यायचीच नव्हती, त्यामुळे ती वाचायची वेळ कधी आली नव्हती.

हेमांगी खाली आली तेव्हा जळित विभागाच्या काचेबाहेर शालनची आई बसली होती. म्हातारी, हौसाबाई तिचं नाव, पदराच्या टोकाने चष्मा पुसत होती.

"डॉक्टरीणबाई, ते कातडं कुणाचं हाय वो?"

"नाव सांगायचं नाही असा नियम आहे, मावशी."

"नाव नगं. पित्रं जवळ आल्याती म्हणून इचारलं. अवसेला पान ठेवीन की त्या माणसाच्या नावानं. बाई हुती का बापय, येवढं सांगा. लुगडं ठेवायचं का धोतर, ते कळंल."

"बाई. एकाहत्तर वर्षांची."

"भरल्या वयात गेली म्हणा की," हौसाबाई समाधानाने म्हणाल्या. "माझ्या लेकीला अंग दिऊन गेली."

तिसऱ्या दिवशी सकाळी मुजावरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि आधी दार लावून घेतलं.

"आई गेल्या त्या दिवसाचं त्यांचं रक्त आपल्याकडे ठेवलेलं आहे. पडताळणीसाठी त्याचा पट शेजारी लावला. जुळत नाही."

"पट्टी चुकली असेल."

"मलाही तसंच वाटलं. पण साफ चुकलेलं असतं तर काहीच जुळलं नसतं. इथे बरोबर निम्मं जुळतंय." त्यांनी पडद्यावर दुसरा पट आणला. "कर्मचाऱ्यांचे पट आपण ठेवतो, हाताळणाऱ्याच्या पेशी बशीत पडल्या तर कळावं म्हणून. हा तुमचा. शंभर टक्के."

हेमांगीने दोन्ही रांगा वरपासून खालपर्यंत बघितल्या. मग पुन्हा खालून वर बघितल्या.

"म्हणजे मी घाण केली. चार वर्षं स्वतःच्याच पेशी वाढवल्या."

"असं कसं होईल? अंगावरून काय गळतं? कोंडा. त्वचेचा सगळ्यात वरचा थर, आणि तो मेलेलाच असतो. जिवंत पेशी तळाशी. तिथे जन्मतात, वर सरकत जातात, महिन्याभरात मरून गळतात. गळलेल्या कोंड्यातून नवी त्वचा उगवत नाही. आपण एकमेकांना हात लावतो तोसुद्धा मेलेल्या थरानेच."

"मग?"

"पहिल्या दिवशीचा एक बारीक काप तंत्रज्ञाने रसायनात बुडवून सीलबंद केला होता. तुम्ही हात लावायच्या आधीच. तो मी काल फोडला." मुजावरांचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश झाला होता. "हजार पेशींमागे नऊशे सत्त्याण्णव आईंच्या. तीन तुमच्या."

ते पुढे सांगत राहिले, कारण सांगत राहणं त्यांना सोपं जात होतं.

"बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्या थोड्या पेशी वारेतून आईच्या रक्तात जातात. आपण त्यांना पाहुण्या पेशी म्हणतो. बाळ बाहेर येतं, ह्या परत येत नाहीत. कुठे जखम झाली की तिथे जमतात, भरून काढायला मदत करतात. आणि बाळंतपणात आईला झालेली मोठी जखम कोणती?"

"ओटीपोटावरची."

"बरोबर तिच्या काठाचा तुकडा तुम्ही घेतलात. हातभर लांबचा घेतला असता तर कदाचित एकही मिळाली नसती. बशीत आईंच्या पेशी पाचसहा महिन्यांत थकल्या. तुमच्या कोवळ्या, जन्मायच्याही आधीच्या. त्यांनी जागा भरून काढली."

"मी दर सोमवारी त्यांना विरळ करत होते," हेमांगी म्हणाली. "ज्या चांगल्या वाढतात त्या निवडत होते."

"हो."

"म्हणजे आईच्या मीच काढून टाकल्या."

मुजावर म्हणाले, "हे उलटही चालतं. आईच्या पेशी बाळात येतात. तुमच्यात असतील."

"कुठे?"

"ते कसं सांगणार? शोधायला एकेक तुकडा कापत बसावं लागेल. आणि सापडली की तुम्ही तिला बशीत घालणार."

हेमांगीला किंचित हसू आलं. मग तिने विचारलं, "शालनचं काय?"

"अडचण आहे, पण कागदाची. फायलीवर 'मृत दाता' लिहिलंय. तो आता जिवंत दाता होतो, आणि जिवंत दात्याची सही लागते. एक चांगलंही आहे. त्वचा कमी पडली तर दाता पेढीतच आहे. पुन्हा मागता येईल."

तिने सही केली. दात्याचं वय या रकान्यात एकाहत्तर होतं. ते खोडून तिने अडतीस लिहिलं आणि खोडल्याच्या जागी नियमाप्रमाणे पुन्हा एक सही केली. दुपारपर्यंत सगळ्या कुप्या पेरून झाल्या. एकसष्ट नंबरचा कप्पा तिने धुऊन, पुसून रिकामा केला. निळ्या शाईची पट्टी सहज निघाली नाही. ती नखाने खरवडावी लागली.

सतराव्या दिवशी शालनच्या पाठीवर आणि दंडांवर नवी त्वचा बसवली. त्यानंतर पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा ती गुलाबी होती आणि बोटाने दाबलं की पांढरी होऊन पुन्हा गुलाबी होत होती. खालून रक्त पोचलं होतं.

हौसाबाईंना हेमांगीने बाहेर येऊन हे सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं होतं. देणारी बाई गेलेली नाही. जिवंत आहे."

"आन् परवा तर अवस," हौसाबाई म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंसा. जित्या माणसाचं पान ठिवायचं म्हंजे पाप. मग तिला जेवायलाच बोलवा की."

"नाव सांगायचं नाही असा—"

"नियम हाय. कळलं. मग तिच्या वाटणीचं तुमी जेवा." त्या थोडा वेळ काचेतून लेकीकडे बघत राहिल्या. "त्या बाईची आई हाय का?"

"नाही. चार वर्षं झाली."

"मग पान तिचं ठेवते. अशी लेक वाढवली, तिला एक घास नगं व्हय? काय आवडायचं तिला, ते तरी सांगता येतंय का नियमात?"

नियमांत याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. हेमांगीने एकदा आठवून खात्री करून घेतली.

"कांदाभजी," ती म्हणाली. "पण श्राद्धाच्या पानात कांदा वाढत नाहीत."

"तुमच्यात वाढत नसतील," हौसाबाई म्हणाल्या. "आमच्यात चालतो. करते की."