नागपूरला उतरलेली दोघं

"आता आपले दुसरे पाहुणे, चिचगडच्या भैयालालभाऊचा गुड्डू!" असा माइकवरून पुकारा झाला. मंडपातून जो माणूस पुढे आला, त्याला बघून पहिल्या पाहुण्या रुचिकाच्या हातातला सत्काराचा नारळ सुटला, तो थेट केशोराव सरांच्या पायावर.

"अरे बाप्पा!" मुख्याध्यापक एका पायावर नाचले आणि पोरं खिदळली.

गुड्डू म्हणे! अहो, हा तर डॉक्टर रोशन! पुण्याच्या संगणक केंद्रात तीन वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा, "आपण हे जरा तपासून घेऊया का?" असं मऊ मऊ बोलणारा रोशन. नागपूरचा रोशन. तो इथं, गोंदियाजवळच्या तिच्या मुर्री गावच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, कपाळाला हा एवढा गुलाल लावून काय करत होता?

त्याचाही चेहरा बघण्यासारखा झाला होता. जानेवारीची थंडी, आणि गडी घामाघूम.

"तुम्ही... इथं?" तो पुटपुटला.

"तुम्ही तर नागपूरचे ना?"

"अन् तुम्ही?"

रुचिकाने नारळ उचलायला मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही. कारण पुण्यात तिनेही सगळ्यांना नागपूरच सांगितलं होतं.

पोरगी खोटारडी नव्हती हो. पण पुण्यातल्या पहिल्याच आठवड्यात ती बोलून गेली, "प्रोग्राम काऊन बंद पडला?" आणि अख्खी खोली वळून तिच्याकडे बघायला लागली. कोणीतरी फिस्सकन हसलंही. त्या दिवशी तिने 'काऊन' गिळलं, मुर्री गिळली, आणि डब्यातली गावाकडची लाखोळीची भाजी जिन्यात एकटीने बसून खायला लागली.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. गेल्या दिवाळीत दोघं एकाच गाडीने घरी निघाली. रात्रभर गप्पा, एकाच पुड्यातले शेंगदाणे... नागपूर आलं तशी दोघं सामान घेऊन उतरली. रोशन घुटमळला. "पाच मिनिटं थांबता? चहा घेऊ. मला... काहीतरी विचारायचं होतं."

काय विचारायचं होतं ते तिला कळलं नव्हतं असं थोडंच आहे! जीव नुसता वरखाली झाला. पण तो घरापर्यंत सोडायला आला तर? कुठलं घर दाखवणार? "बाबा बाहेर उभे आहेत," म्हणून तिने जी धूम ठोकली! त्यानंतर रोशनने काही म्हणजे काही विचारलं नाही. आणि आता ऑफिसात बातमी होती, की त्याला बेंगळुरूला नोकरी मिळाली आहे, सोमवारी उत्तर द्यायचंय. आज शनिवार होता.

केशोराव सरांनी फर्मान सोडलं, "दोघांनीही आपापल्या संशोधनाच्या आठवणी सांगाव्या." रोशन माइकसमोर उभा राहिला. "विद्यार्थी मित्रहो, संगणकशास्त्र हे..."

"काऊन गा गुड्डू," मागून कवडूकाका ओरडले, "पुण्याचं पाणी लागलं का? आपल्या बोलीत सांग ना!"

सगळा मंडप हसला. रोशनने रुचिकाकडे एकदा पाहिलं आणि सुटलाच.

"त आयका. आमी संगणकावर पावसाचं गणित मांडतो. एक डाव मशीननं सांगतलं, गोंदियात बरफ पडन!" पोरं उड्या मारायला लागली. "एक आकडा चुकला होता, अन् तो म्याच चुकवला होता. शेजारची मॅडम दिवसभर जेवली नाई, शोधून राहिली. सापडला तं सायबाले म्हणे, 'आमचं चुकलं सर.' चूक माही, अन् मॅडम म्हणे, आमचं! त्या दिवसापासून..." तो थबकला. रुचिकाचे कान तापले.

"मंग दिवाळीत त्याच मॅडमसंग गाडीत होतो. मी सांगून बसलो होतो नागपूरचा! तिकीट गोंदियाचं, अन् उतरलो नागपूरले. चहाले थांबा म्हटलं तं मॅडम पळाल्या. मंग त्यायच्या बाबानं पाहू नये म्हून पानठेल्यामागं लपलो, अन् मागच्या पॅसेंजरनं आलो, उभ्या उभ्या."

"मी बी त्याच पॅसेंजरमधी होती!"

हे कोण ओरडलं? रुचिकाच! खुर्चीवरून उठून, भर मंडपात.

"काय?"

"बायकायच्या डब्यात! माह्यं बी तिकीट गोंदियाचंच होतं!"

"अन् बाबा बाहेर उभे होते ते?"

पहिल्या रांगेतले तिचे बाबा गडबडून उठले. "मी? मी तं धान कापून राहिलो होतो बाप्पा! मी कधी गेलो नागपूरले?"

मग जो हशा उसळला, त्यात बाकीच्या सगळ्या आठवणी वाहून गेल्या. रुचिका हसता हसता डोळे पुसत होती, आणि रोशन तिच्याकडे बघतच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाच्या फलाटावर पुण्याची गाडी लागली होती. दोघं डब्यासमोर उभी होती. पुण्याला जायचं म्हटल्यावर रोशनच्या जिभेवर पुन्हा इस्त्री चढली होती.

"उद्या बेंगळुरूला उत्तर द्यायचंय. तुम्हाला... काय वाटतं?"

'तुमच्यासाठी चांगलीच संधी आहे,' हे वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. छान, सभ्य, पुण्यात शिकलेलं. ते तिने गिळून टाकलं.

"नको जाऊ."

"काऊन?" त्याचे डोळे हसायला लागले.

"काऊन म्हंजे? मले करमणार नाई तुझ्याबिगर. बस."

तो हळूच म्हणाला, "मले तरी कुठं जायचं आहे व? तू पळाली, म्हून अर्ज केला होता."

"मी चहापासून पळाली. ते दुसरं तं तू विचारलंच नाई."

"मंग आता विचारतो. लगीन करशील माह्यासंग?"

रुचिकाने बॅग खाली ठेवली आणि चहावाल्याला हाक मारली, "भैया, दो कट चाय देना!"

तेवढ्यात भोंगा वाजला आणि डब्यांना हिसका बसला. रोशनने बॅगेचा पट्टा पकडला. "अव, गाडी सुटून राहिली ना!"

"सुटू दे," तिने गरम ग्लास त्याच्या हातात दिला. "मागच्या गाडीनं जाऊ. आपल्याले सवय आहे."