जाते म्हण, अव्वा

व्हिलावाल्यांना दहा जणांची आधार कार्डं हवी होती, आणि ती गोळा करण्यात राजेश्वरीचा अख्खा रविवार गेला. कुणी कार्डाची मागचीच बाजू पाठवली, कुणाच्या फोटोत अर्धं कार्ड आणि अर्धा अंगठा. पुण्याच्या अमरेशनं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, "पाठवतो गं" म्हणत संध्याकाळपर्यंत झुलवत ठेवलं. शेवटचं कार्ड अव्वाचं. अव्वा म्हणजे या दोघांची आई शांतम्मा, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. कार्ड जागच्या जागी ठेव, मागच्या खेपेसारखं हरवू नको, असा तिनं पन्नाशीच्या लेकीला दम भरला.

तो दम राजेश्वरीला गोड लागला, आणि त्याला कारण होतं. गेल्या थंडीत अव्वाला न्यूमोनिया झाला. अठरा दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली, पण नुसतीच आली. छताकडे बघत पडून राही, दिलं ते गिळी. मग एके दिवशी वरणाचा घास तोंडात धरून म्हणाली, "मीठ कुटं ठेवलीस? दुकानातच?" राजेश्वरी स्वयंपाकघरात गेली आणि पदर तोंडात धरून पोटभर रडली. आई परत आली होती. लग्न केलेलं नाही, शाळेत गणित शिकवायचं आणि घरी आईची बोलणी खायची, एवढाच या बाईचा संसार. ही टाकून बोलणारी म्हातारी आहे तशी घरात राहावी, याहून जास्त तिला देवाकडे काही मागायचं नव्हतं. म्हणून तर मे महिन्यात सगळ्या गोतावळ्यानं दोन दिवस अव्वाभोवती जमायचं असं तिनंच ठरवलं. गोव्याचा प्रवास अव्वाला झेपला नसता. होटगीच्या पुढची व्हिला घरापासून पाऊण तासावर होती.

व्हिलाचं नाव 'सागरिका'. सोलापुरात सागर कुठून आला हे विचारायचं नाही. परगावच्या मालकानं माळरानावर ट्रकनं नारळाची झाडं आणून उभी केली होती. निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव, काठाला वेताच्या आरामखुर्च्या, उघड्यावरची न्हाणी. कुंपणापलीकडे बाभळी आणि भेगाळलेली काळी जमीन, अलीकडे जाहिरातीतलं बेट. अव्वानं काठी टेकत एक फेरी मारली, "नारळाला नारळ न्हाईत" असा शेरा दिला आणि राखणदार सोमलिंगकडून त्याचं गाव, घराणं, लेकरंबाळं सगळं कन्नडमधून काढून घेतलं. सोमलिंग साठीचा, कपाळाला विभूती, बोलायला कमी. अव्वापुढे मात्र तोही बोलला. तासाभरात दोघांचं मेतकूट जमलं.

पहिला दिवस हसण्याखिदळण्यात गेला. जे घडलं ते दुसऱ्या दिवशी, भर दुपारी.

सोलापूरची मे महिन्यातली दुपार ज्यानं काढली त्यालाच ठाऊक. बारा वाजले की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. जेवणं उरकून सगळे पडदे ओढून आडवे झाले होते. घरात एसीची घरघर तेवढी चालू. राजेश्वरी अव्वाच्या गोळीसाठी पाणी आणायला उठली आणि तिला बाहेर अनवाणी पावलं ऐकू आली. चपचप... चपचप. ओल्या पावलांचा आवाज. भाचरं उन्हात पाण्यात उतरली असणार, असं वाटून ती हातातल्या पेल्यासकट रागवायला गेली आणि काचेचं दार सरकवलं. उन्हानं डोळे दिपले. आधी वास आला, ओले कपडे पिशवीत तसेच बांधून ठेवले की येतो तो. मग माणूस दिसला.

तिशीचा असेल. पिवळा टी-शर्ट, राखलेली दाढी, केसांतून पाणी ठिबकत होतं. आरामखुर्चीत बसून तो तलावाकडे बघत होता. तेवढ्यात सोमलिंग ट्रे घेऊन आला. चहाचा एक कप त्यानं त्या माणसाजवळ ठेवला आणि उरलेले चार कप चार रिकाम्या खुर्च्यांजवळ, जपून, एकेक करत ठेवले. राजेश्वरीनं त्याला खुणेनं बोलावलं.

"हे कोण?" तिनं हळूच विचारलं.

"जुने पावणे हायत, ताई."

"अहो, पण व्हिला पूर्ण आम्ही घेतलीय ना?"

"मुक्कामाला न्हाईत ते. दुपारचं येत्यात... ऊन कललं की न्हाईत."

तिनं मान वळवून पाहिलं तर खुर्ची मोकळी. कप भरलेलाच. तलावापासून खुर्चीपर्यंत ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. खुर्चीपासून पुढे कुठंच नव्हते. राजेश्वरी घाबरली, पण गणिताची बाई ती, पडताळा घेतल्याशिवाय राहवेना. पेल्यातलं पाणी तिनं शेजारच्या फरशीवर सांडलं आणि मनात आकडे मोजले. साठाच्या आत फरशी कोरडी ठाक. ते ठसे मात्र पाच वाजताही ओलेच होते. सोमलिंगनं फडक्यानं पुसले तेव्हा गेले.

पडवीच्या भिंतीवर आधी येऊन गेलेल्या मंडळींचे फोटो लावलेले होते. संध्याकाळी मुलं दंगा करत असताना राजेश्वरीनं ते एकेक करून पाहिले. एका फोटोत पाच जण गळ्यात गळे घालून उभे होते आणि मधल्याच्या अंगात पिवळा टी-शर्ट होता. खाली लिहिलं होतं, 'नईम आणि दोस्त मंडळी'. ती तशीच सोमलिंगकडे गेली. तो झाडांना पाणी घालत होता.

"वारला का हो हा?"

"न्हाय, ताई. चांगला जिता हाय. मोहोळला दुकान हाय त्येचं." सोमलिंगनं पाइप खाली ठेवला. "त्येच्या भावाचा फोन आलता मला. नईम जेवतोय, दुकानात बसतोय, समदं बरं हाय म्हणला. पर घरच्यांला वाटतंय... ह्यो आपला न्हवं."

मग त्यानं तुटक तुटक जे सांगितलं ते एवढंच. जाताना पाचही जण 'येतो' म्हणून निघाले. आपल्याकडे म्हणतातच. पण इथं म्हटलं की यावं लागतं. आतलं माणूस येतं आणि घरी जातं ते उरलेलं. असं का, हे त्याला ठाऊक नव्हतं. मालकाला सांगून पाहिलं तर मालक हसला होता.

"उद्या निघताना 'जातो' म्हणा, ताई," तो म्हणाला. "समद्यांनी."

आता हे सांगायला सोपं, करायला नाही. निघताना 'जातो' म्हणायचं नसतं हे आपल्याला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं. एखादं पोर चुकून म्हणालं तर घरातलं कुणी ना कुणी तिथल्या तिथं 'येतो म्हण' म्हणून सुधारतं. अमरेशला राजेश्वरीनं सगळं सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग बहिणीचा चेहरा बघून तयार झाला. सकाळी त्यानं पोरांना तो खेळ म्हणूनच सांगितला. "जातो, जातो" असा गलका करत पोरं गाडीत चढली. मोठ्यांनीही मान खाली घालून तो शब्द कसाबसा उच्चारला.

अडलं ते अव्वापाशी. मरणाच्या दारातून उठून आलेल्या बाईनं, भरल्या घरातून निघताना, लेकरांदेखत 'जाते' म्हणायचं? तिनं साफ नकार दिला. असलं अभद्र शिकवायला शाळेत गेलीस का, असं राजेश्वरीला विचारलं. राजेश्वरीनं तिचे दोन्ही हात धरले. एरवी ती आईपुढे कधी रडत नसे, पण आता तिचा आवाज फुटला.

"जाते म्हण, अव्वा. माझ्यासाठी."

अव्वानं लेकीचे डोळे पदरानं पुसले. मग उंबऱ्याशी येऊन, घराकडे तोंड करून, चिरक्या आवाजात "जाते" म्हणाली. राजेश्वरीच्या जिवात जीव आला. तिनं आईला धरून गाडीत बसवलं, पट्टा लावला, दार ओढलं. गाडी सुरू झाली आणि सोमलिंग पडवीतून धावत आला. अव्वाची काठी राहिली होती. त्यानं खिडकीतून ती आत दिली. अव्वाचं मन भरून आलं. तिनं बाहेर हात काढून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि ज्या भाषेत दोन दिवस दोघं बोलले त्याच भाषेत, मायेनं म्हणाली, "बर्तीनप्पा."

म्हणजे, येते रे बाबा.

सोमलिंगचा हात खिडकीवर तसाच राहिला.

"कन्नडमध्ये म्हणाली ती," अमरेश हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. "ते धरत नसतील."

"घराला दोनी कळत्यात की, साहेब."

परत उतरून पुन्हा 'जाते' म्हटलं तर चालेल का, असं राजेश्वरीनं विचारलं. सोमलिंगनं फाटक उघडलं, गाड्या बाहेर पडल्या आणि त्यानं ते लावून घेतलं.

घरी आल्यावर अव्वा शांत झोपली. उठल्यावर शांत बसली. हवापालट मानवला म्हाताऱ्या माणसाला, असं म्हणत अमरेश पुण्याला गेला. शेजारीण म्हणाली, चेहरा किती निवळलाय हो आईंचा. दुसऱ्या दिवशी कामवाली उशिरा आली तरी अव्वानं तिला शब्दानं विचारलं नाही. दूध उतू गेलं, अव्वा ते बघत बसली. तिसऱ्या दिवशी राजेश्वरीनं मीठ न घालता आमटी केली. ताट अव्वापुढे ठेवलं आणि समोर बसून राहिली. अव्वानं भाकरी कुस्करली, आमटी ओतली आणि मुकाट्यानं जेवू लागली. एक घास झाला, दुसरा झाला. बाहेर ऊन रणरणत होतं. साडेबाराच्या सुमारास तिचा फोन वाजला.

"ताई..." सोमलिंगचा आवाज दबलेला होता. "अव्वा आल्यात."

"कुठं?"

"हितं. पान्यात पाय सोडून बसल्यात."

"अव्वा माझ्यासमोर आहे, सोमलिंग. जेवतेय."

"व्हय. असणारच की. लई रागावल्यात माझ्यावर. चहात साखर किती घातलीस म्हणून. आन् आल्यापासनं तुमाला इचारत्यात..."

मग फोनमध्ये तो आवाज आला. चपचप... चपचप. पाठोपाठ लांबून, खणखणीत, कुणाचं ऐकून न घेणारा अव्वाचा आवाज. "राजी हाय का फोनवर? तिला म्हणावं, आईला टाकून कशी गेलीस? न्यायला येतीस का मी येऊ?"

राजेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन दिवसांनी हे रागावणं ऐकत होती ती. 'ये' एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो तिच्या ओठांवर आला होता.

"कुणाचा फोन?" समोरून अव्वानं विचारलं.

राजेश्वरीला खोटं सुचलं नाही. "अव्वाचा," ती म्हणाली.

अव्वानं तोंडातला घास सावकाश चावला आणि गिळला.

"बरी हाय न्हवं?"

राजेश्वरीनं कशीबशी मान हलवली.

"मग ऱ्हाऊ दे की तिकडंच," अव्वा म्हणाली आणि फोन घ्यायला तिनं हात पुढं केला.