सात नंबरची रेघ

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी मेलेली होते. निदान त्याच्या मते तरी!

हृदयाच्या रेघा वाचायचं ट्रेनिंग माझं नुकतंच सुरू झालं होतं. सरावासाठी मी स्वतःच्याच हातापायांना वायरी लावून बसले होते, आणि पडद्यावर सरळसोट रेघ. तेवढ्यात खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवलेला एक जण आत डोकावला. त्यानं आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अरेरे... गेलात की हो तुम्ही!"

"वायर सुटलीय," मी फणकारले.

"मेलेली माणसं इतकी चिडतात हे आजच कळलं," म्हणत त्यानं माझ्या मनगटावरचा चिमटा नीट बसवला. रेघ उड्या मारायला लागली. जरा जास्तच. मी घाईघाईनं पडदा बंद केला.

तो हॉस्पिटलमधली मशिनं दुरुस्त करायचा. चांगला शिकलेला इंजिनिअर, पण सगळे त्याला 'मिस्त्री'च म्हणत, आणि तोही ओ देत असे.

आमची खोली दिवसाही पडदे ओढलेली, अंधारी. पेशंटच्या गळ्यात एक डबी असते, तिच्या वायरी छातीला चिकटवलेल्या, आणि त्या पेशंटची रेघ आमच्यासमोर त्याच्या खाटेच्या नंबराखाली चालत राहते. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमचा पहिला धडा एकच होता. "आधी माणूस बघ, मग रेघ. रेघ खोटं बोलते." कुणी दात घासले तरी रेघ मरणाच्या दारात असल्यासारखी थरथरते. छातीवर बोट आपटलं, तर रेघेवर काटे उभे राहतात.

एके दुपारी सात नंबरची रेघ सुरू झाली. सात नंबरच्या खाटेवर कुणीच नव्हतं. गादीसुद्धा गुंडाळून ठेवलेली.

"कुणीतरी डबी गळ्यात घालूनच घरी गेलं असेल," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर कपड्यांबरोबर धुवायला गेली असेल."

मी धुलाईखात्यात फोन केला. तिथले काका म्हणाले, "ताई, इथे नुसत्या चादरी आहेत. कुणाचं काळीज आलं तर कळवतो!"

डब्या सगळ्या जागच्या जागी होत्या. सात नंबरची तेवढी दुरुस्तीला, मिस्त्रीच्या कपाटात. मॅडमनी "मशिनचा घोळ" म्हणून विषय संपवला. रेघ मात्र रोज येत राहिली. आणि मग माझ्या लक्षात आलं... ती एकदम धावायला लागे, आणि थोड्या वेळानं दार उघडून मिस्त्री आत येई. आधी रेघ, मग तो. दर वेळी. मी हसले की ती उडी मारी. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तरीही, खरं सांगते, मी तिची वाट बघायला लागले.

"जेवताना लक्ष कुठे असतं गं तुझं?" ज्यांच्याकडे मी राहायचे त्या आत्याबाईंनी विचारलं.

"सात नंबरकडे."

"मुलगा बरा आहे ना पण?"

मग रेघ अडखळायला लागली. चालता चालता विसरल्यासारखी थांबायची... मग एक ठोका. मग आणखी लांब थांबायची. आता मॅडमचाही चेहरा उतरला.

"असा माणूस चालताबोलता पडेल गं. पण माणूसच नाही, तर सांगायचं कुणाला?"

कुठेतरी कुणाचंतरी हृदय बंद पडत चाललं होतं, आणि आम्ही दोघी नुसत्या बघत होतो. मला अन्न गोड लागेना.

दुसऱ्या दुपारी रेघ धावली. दार उघडलं. या वेळी मी उठले.

"इथे उभे राहा," मी म्हणाले आणि त्याच्या छातीवर बोटानं टकटक केलं. पडद्यावर सात नंबरच्या रेघेला काटे आले.

"डबी तुम्हीच घातलीय! काढा ती."

"अहो, आधी चहाला तरी बोलवा!" हसत त्यानं शर्टाची वरची बटणं काढली. आत काहीच नव्हतं. ना डबी, ना वायर. "सात नंबर माझ्या कपाटात आहे. बॅटरीसुद्धा काढून ठेवलीय."

मी पुन्हा टकटक केलं. पुन्हा काटे. त्याचं हसू मावळलं.

"चक्कर येते तुम्हाला?" मी विचारलं.

"सकाळी नाश्ता राहतो, म्हणून जरा..."

तो पुढे बोललाच नाही. रेघ सरळ झाली. मी तिच्याकडे बघतच राहिले असते, पण मॅडमचा धडा आठवला आणि मी वळले. तो कोसळत होता. मी त्याला कसंबसं धरलं, मॅडमना हाक मारली, आणि दोन्ही हातांनी त्याची छाती दाबायला लागले. जाऊ नकोस, जाऊ नकोस, एवढंच मनात चाललं होतं.

तो वाचला. डॉक्टरांनी त्याला पेसमेकर बसवला. "एकटा असता तर हाती लागला नसता," ते म्हणाले. वॉर्डात एकच खाट रिकामी होती. सात नंबरची.

मी भेटायला गेले आणि सगळं सांगून टाकलं. रेघेचं धावणंसुद्धा.

"जिना चढताना रोज ठरवायचो, आज विचारायचंच," तो हळूच म्हणाला. "दारात आलो की अवसान गळायचं..."

"काय विचारायचं होतं?"

"विचारतो. पण रेघ बघायची नाही."

"मी माणूस बघतेय," मी म्हणाले.

"मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून... मेलेली होतीस तेव्हापासून. तुझं काय?"

तेवढ्यात वॉर्डातला फोन वाजला. मी उचलला. पलीकडे मॅडम होत्या, आवाज दबलेला.

"अगं, आठ नंबरची खाट रिकामी आहे ना?"

मी शेजारी बघितलं. गादी गुंडाळून ठेवलेली.

"हो. का?"

"मग तिची रेघ का धावतेय इतकी?"

फोन कानाशी धरून मी त्याच्याकडे बघत राहिले. मग दुसऱ्या हातानं स्वतःच्या छातीवर हलकेच टकटक केलं.

"बाई गं... काटे!" मॅडम ओरडल्या.

शांत वॉर्डात ते त्यालाही ऐकू गेलं. त्यानं हात पुढे केला, आणि मी तो धरला.